काळ्या रंगाची पोच

जून महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं औषधांचं दुकान. रक्कम तीनशे बारा रुपये. हजर माणसं तीन: काउंटरमागे दुकानाचे कच्छी मालक, अलीकडे मी, आणि माझ्या मागे वजनाच्या काट्याला टेकून उभा असलेला माझा नवरा, ज्याच्यासाठी ही खरेदी चालली होती. आमच्याकडे नवऱ्याला 'हे' म्हणतात. लिहिताना त्याने घोटाळा होतो, म्हणून इथे नवरा असंच लिहिते.

नवरा सत्तावन्न वर्षांचा. अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल बघतो. मे महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी झाली, त्यात हिमोग्लोबिन दहा पॉइंट दोन आलं. पुरुषाला तेरा तरी हवं. आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि म्हणाले, "बाईमाणसाचं कमी असतं, त्याला कारणं असतात. या वयात पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही." मग चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. पहिली, लोहाची गोळी, तीन महिने. दुसरी, संडासची तपासणी, रक्त जातंय का ते पाहण्यासाठी.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. पहिल्या ओळीवर मी जितकं काम केलं तितकं मी पतपेढीच्या ऑडिटवरही केलेलं नाही. तिथे मी बावीस वर्षं हिशेब बघते. दुसऱ्या ओळीचं काय झालं तेही सांगते. तपासणीची प्लास्टिकची डबी घरी आणली होती. नवऱ्याने ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"ह्यात? आणि मग ती घेऊन रिक्षात बसायचं?"

"त्यात लाज कसली?"

"माका नाय जमणार. तू तुझो हिशेब कर, माका चाय दी."

अडचणीच्या विषयातून निसटायचं असलं की तो मालवणीत शिरतो. मी डबी बाथरूमच्या कपाटात वर ठेवली. करू नंतर, म्हटलं. आधी गोळी तर सुरू होऊ दे.

डॉक्टरांनी स्वतःजवळची एक पट्टी दिली होती. चार दिवसांत नवरा पोटात जळजळतं म्हणायला लागला. दोष गोळीचाच, याबद्दल आम्हा दोघांना शंका आली नाही. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, सोसेल ती घ्या, लोह पोटात गेल्याशी कारण. आणि मग विचारलं, "ती दुसरी तपासणी?" करतो, असं मी म्हणाले.

मग मी तक्ता केला. पाच औषधं, आडव्या ओळीत नाव, किंमत, एका गोळीत लोह किती, एका रुपयाला लोह किती. मुलगी ऑफिसला निघताना माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "आई, तुझी एक्सेल शीट बाबांपेक्षा धडधाकट दिसते यार." मी हसले. तो हसला नाही. बूट घालायला बसला होता आणि एका बुटानंतर थांबला होता.

तर त्या शनिवारी दुकानात मी तक्त्याचा कागद घेऊनच गेले. माझ्या हिशेबात तीनशे मिलिग्रॅमवाली गोळी सगळ्यात फायद्याची निघत होती. मालकांनी कागद पाहिला, चष्मा वर केला.

"भाभी, मोठा आकडा नका बघू. तो सॉल्टचा वजन आहे. खाली बारीक लिहिलंय ना, त्यातला खरा लोखंड किती, तो बघा."

बघितलं. तीनशेच्या खाली बारीक अक्षरात अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं. दुसऱ्या एका पट्टीवर मोठा आकडा दोनशे, खरं लोह साठच्या आसपास. तिसरीवर सरळ शंभर, ते खरंच शंभर. माझा अख्खा तक्ता चुकीच्या रकान्यावर उभा होता. पैशांचा प्रश्न नव्हता. आकडा वाचताना मी चुकते, ही गोष्ट मला सहन होत नाही.

मागून नवरा म्हणाला, "लोखंडच खावचा तर भंगारवाल्याकडे जाव या गो. किलोवर मेळतला."

मालक हसले. मग त्यांनी खालच्या कपाटातून एक डबा काढला. कॅप्सूल. तीसची बाटली, तीनशे बारा. "ही पोटाला हलकी. जळजळ नाही, कब्ज नाही. शेठना हीच द्या."

मी डबा चारी बाजूंनी वाचला. लोह किती, सोबत काय, कधी संपते, कुठे ठेवायची. एका कोपऱ्यात छोट्या चौकटीत तपकिरी खूण होती, मांसाहारी पदार्थांवर असते ती. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. मी ती खूण पाहिली आणि सोडून दिली. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बांगडा, मांदेली, सुंगटं असतात. आम्हाला त्या खुणेचं काय? तीनशे बारा रुपये मोजून दिले.

आत एक घडी घातलेलं पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की हे औषध घेताना शौचाचा रंग काळा होऊ शकतो, घाबरू नये. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते आवडलं. आमच्या पतपेढीत पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच यावी लागते, नाहीतर तो पोचलाच नाही असं धरतात. काळा रंग ही मला तशी पोच वाटली. रंग काळा, म्हणजे लोखंड मुक्कामाला पोचलं.

रोज सकाळी साडेसात वाजता कॅप्सूल, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर एका तासाने, कारण चहाने लोह अंगाला लागत नाही. या एका तासावरून आमची रोज बाचाबाची व्हायची. आणि तो बाथरूममधून बाहेर आला की मी विचारायचे, "रंग?"

"काळो."

"नक्की?"

"आता फोटो काढून आणू काय?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासलं. दहा पॉइंट पाच. महिन्यात एकाने तरी वाढावं असं डॉक्टर म्हणाले होते. वाढलं होतं पॉइंट तीन. डॉक्टरांकडे गेले असते तर त्यांनी दुसरी ओळ विचारली असती. मी गेले नाही. वाढलंय ना, म्हटलं, कॅप्सूल हलकी आहे, हळू चढेल. दुसरी बाटली आणली.

आणि एक आकडा होता, जो मी तक्त्यात घातला नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. एका मजल्याच्या सतरा, एकूण एक्कावन्न पायऱ्या. जूनमध्ये नवरा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकदा थांबायचा. जुलैअखेर पहिल्या मजल्यावरही थांबायला लागला. मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्या मागे थांबायचे. तो भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडे बघत राहायचा, जणू रीडिंग घेतोय.

"काय बघताय?"

"शेजाऱ्यांचं बिल."

मग श्रावण लागला. माझा नवरा देवाधर्माचा माणूस नाही. देवळात गेला तर चपलांपाशी थांबतो. पण श्रावण तो पाळतो, त्याच्या वडिलांनी पाळला म्हणून. महिनाभर मासे नाहीत, अंडं नाही, घोटभर दारू नाही आणि दाढी नाही. वडील गिरणीत होते. खात्यात अर्धे लोक श्रावणात दाढीवाले दिसायचे, असं तो सांगतो. एरवी ताटात मासा नसला की तो वरणभाताकडे परक्यासारखा बघतो, पण या महिन्यात कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी दाढी पांढरी आली आणि तिच्याखाली चेहराही. सुरुवातीला मला वाटलं दाढीमुळे वाटतंय. मुलगी म्हणाली, "बाबा मेणाचे दिसतायत." मी तिला ओरडले. श्रावणात मासे बंद, तेवढाच फरक, असं म्हणाले. मग मी लोखंडी कढईत माठ करायला लागले, खजूर आणले, अळीव भिजवले, कॅप्सूलची तिसरी बाटली आणली. आणि रोज विचारत होते, "रंग?" रोज उत्तर येत होतं, "काळो." पोच रोज येत होती. माझ्या हिशेबात सगळं जुळत होतं, आणि माणूस समोर मावळत होता.

श्रावणाच्या शेवटच्या शुक्रवारी पुन्हा रक्त तपासलं. संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. आठ पॉइंट एक.

मी स्वयंपाकघरात उभी राहून तो आकडा बराच वेळ बघितला. अडीच महिने गोळी चालू आणि आकडा जिथून निघाला त्याच्या खाली. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? कॅप्सूल बोगस आहे. शनिवारी मी बाटली घेऊन दुकानात गेले आणि मालकांशी भांडले.

"लोह आहे का ह्यात खरंच? रक्त दोनाने उतरलंय."

"भाभी, सगळे हीच नेतात. शेठ बरोबर घेतात ना?"

"माझ्यासमोर पेल्यातलं लिंबूपाणी संपतं. आणि रंग काळा येतो. घेतात म्हणजे काय!"

मालकांनी चष्मा काढला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग डॉक्टरला दाखवा, भाभी. दुकानातून दुकानात नका फिरू." हे मला लागलं. तरी मी शंभरवाल्या गोळीची पट्टी घेऊन आले. त्या दिवशी नवरा अकराव्या पायरीवर थांबला नाही, बसला. हाफ डे करून आला होता. मी हात पुढे केला तर म्हणाला, "जरा बसतंय गो. तू हो फुडे." त्याचा हात ऑगस्टच्या दमट हवेतही गार होता.

रविवारी श्रावण संपला होता. सकाळी आंघोळीआधी दाढी करायची म्हणून त्याने खुर्ची आरशासमोर ओढली. उभं राहून करणारा माणूस खुर्चीवर बसला, हे मी पाहिलं. त्याने हाक मारली, "अगं, डब्यातलं नवीन ब्लेड दे ना." दाढीचा डबा बाथरूमच्या कपाटात, वरच्या खणात. महिनाभर कोणी उघडलेला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. त्याच्या शेजारी ती तपासणीची डबी, जशी ठेवली होती तशीच.

मी दाढीचा डबा उघडला. ब्रशच्या बाजूला, साबणाच्या वडीवर, लालसर तपकिरी कॅप्सूलचा ढीग होता.

तिथेच उभी राहून मोजल्या. एकोणतीस. वडीवरून काढताना माझ्या बोटांना साबण लागत होता, तरी पुन्हा मोजल्या. डबा तसाच घेऊन बाहेर आले आणि त्याच्या मांडीवर ठेवला. तो विसरला होता. ब्लेड मागताना त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं, इतका तो थकला होता.

"हे काय?"

त्याने डब्यात बघितलं, मग आरशात. "श्रावण," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डब्यावर ती खूण बघितली मी. तपकिरी. कारखान्यात एकाने सांगितलं, कवच हाडांचं असतं. बांगडो सोडलो आणि हाडा गिळू काय सकाळी सकाळी? पहिल्या दिवशी सवयीने गेली एक. मग नाही घेतली. हातात लपवून ठेवायचो आणि नुसतं लिंबूपाणी प्यायचो."

"सांगायचं नाही? गोळी आणली असती! दुकानात चार प्रकारच्या गोळ्या होत्या!"

"तू तक्तो घेऊन बसलेलंस. किती दिवस बसलेलंस. म्हटलं एक महिन्याचा प्रश्न."

मला इतका राग आला होता की पुढचं वाक्य मी केवळ त्याला खोटं पाडायला बोलले. "आणि रंग? रोज काळा सांगत होतात तो? तेही खोटंच ना?"

"नाय गो. मी खोटा बोलूक नाय. काळोच होतो."

"कधी?"

"रोज. कालपण. आजपण. म्हटलं आधीचं साठलेलं असेल. बरं झालं, म्हटलं. तुला संशय नाही येणार."

एकोणतीस दिवस लोह पोटात नाही. एकोणतीस दिवस रंग काळा. लोहाचा काळा रंग गोळी थांबली की दोन-चार दिवसांत जातो, हे त्याच पत्रकात पुढच्या ओळीत होतं. मी तीही ओळ वाचली होती. पोच ज्या कागदाची समजत होते तो कागद पाठवलेलाच नव्हता. मग ती कशाची होती?

त्याला माझा चेहरा आरशात दिसला असावा. "काय झालं?" त्याने शुद्ध मराठीत विचारलं.

रविवार होता, तरी डॉक्टरांनी फोन उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी आधी तीन प्रश्न विचारले. "डांबरासारखं चिकट होतं का? पाण्याने लवकर वाहून न जाणारं? वास वेगळा?" मी नवऱ्याला विचारलं. त्याने तीनदा मान डोलावली. डॉक्टरांनी पुढे विचारलं, "दुखण्यावरच्या गोळ्या घेतात?" मी म्हणाले, नाही, दुखण्यावर कसलीच गोळी नाही. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "घेतंय."

गुडघ्यासाठी. कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून. सकाळी एक, दुपारी एक, बऱ्याचदा रिकाम्या पोटी. किती दिवस? त्याने आठवून सांगितलं, गेल्या दिवाळीपासून. या घरातली प्रत्येक गोळी माझ्या तक्त्यात आहे, अशी माझी समजूत होती.

"लगेच दवाखान्यात न्या," डॉक्टर म्हणाले. "रिक्षाने नको. आणि त्यांना पायऱ्या चालत उतरू देऊ नका." आणि फोन ठेवण्याआधी, रागाने नाही, थकून म्हणाले, "मी दोन ओळी लिहिल्या होत्या हो."

शेजारच्या दोघांनी त्याला खुर्चीसकट खाली नेलं, तीच आरशासमोरची खुर्ची; दाढी तशीच राहिली. एक्कावन्न पायऱ्या. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि तो डोळे मिटायचा. मी मागून मोजत होते. थांबवता येत नव्हतं.

दवाखान्यात रक्त सात पॉइंट चार आलं. दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावरचं चित्र दाखवलं. जठरात एक जखम होती, गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेली, रुपयाच्या नाण्याएवढी, मधे काळा ठिपका. कित्येक महिने ती थेंब थेंब गळत होती. वरून आम्ही लोह ओतत होतो, खालून रक्त पचून काळं पडून जात होतं आणि दोन्हींचा रंग एकच. "जूनमध्ये कळलं असतं तर बारीक असती," त्यांनी मी विचारलं म्हणून सांगितलं. विचारलं नसतं तर बोलले नसते.

जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. त्या आठ दिवसांत मुलगीही विनोद करत नव्हती. घरात गणपतीची तयारी शेजाऱ्यांच्या खोलीत चालल्यासारखी चालली. रिपोर्ट आला, त्यात वाईट काही निघालं नाही. मी हुश्श म्हणणार होते, पण डॉक्टर कागद अजून हातातच धरून होते. "कड मला पूर्ण पसंत नाही. दोन महिन्यांनी परत आत बघायचं. जठरातली जखम भरलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय सोडत नाहीत."

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी जूनपासून कागद रंगवले होते. रक्त अजून नऊच होतं. आता लोह कुठलं द्यायचं? पर्समध्ये शंभरवाली गोळी होती, न उघडलेली. कवच नाही, खूण नाही, बाराही महिने चालेल. मी ती टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पट्टी उलटून पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. "चांगली आहे. पण आत्ता नको. ही दिली की रंग परत काळा होणार, आणि ती जखम पुन्हा गळायला लागली तर तुम्हाला कळणार कसं? लोह शिरेतून देऊ. मला रंग दिसायला हवा."

नवरा म्हणाला, "आणि पुढच्या श्रावणात?"

"श्रावणात काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

शिरेतून दिलेलं लोह गडद तपकिरी असतं. सलाइनच्या नळीतून ते थेंबाथेंबाने उतरताना मी शेजारी स्टुलावर बसले होते. दोन वेळा, एका आठवड्याच्या अंतराने. सकाळी तो अजूनही बाथरूममधून बाहेर येतो आणि मी अजूनही विचारते. आता तो थट्टा करत नाही, नीट पाहून सांगतो. आतापर्यंत उत्तर बरोबर आलं आहे. पायऱ्या तो न थांबता चढतो असं नाही, पण मीटरची पेटी पाहत नाही. मात्र परवा त्याने उत्तर द्यायला जरा वेळ लावला. त्या अर्ध्या मिनिटात माझा हात ओट्यावरच्या फोनकडे गेला होता. तो फक्त दात घासत होता.

दुसऱ्या दुर्बिणीची तारीख घेतली आहे. लोहाच्या दोन सलाइनचे मिळून चार हजार तीनशे पन्नास रुपये मी दवाखान्याच्या पैसे भरायच्या खिडकीवर बसलेल्या बाईंना रोख दिले.